लॅन केबलची जोडणी मधूनमधून तुटते आणि परत येताना वेग कमी दिसतो

प्रश्न

नमस्कार. माझ्या डेस्कटॉप संगणकाची लॅन केबलवरची जोडणी गेल्या तीन आठवड्यांपासून दिवसातून पाच-सहा वेळा तुटते. दहा-पंधरा सेकंदांनी ती आपोआप परत येते, पण तेवढ्या वेळात चालू असलेली व्हिडिओ बैठक बंद पडते आणि दूरच्या सर्व्हरवर सुरू असलेले काम अर्धवट राहते. त्याच राउटरवर वाय-फायने जोडलेल्या फोनला मात्र त्या वेळी काहीही अडचण येत नाही. मी ड्रायव्हर नव्याने टाकून पाहिला, राउटर मूळ स्थितीत आणून पुन्हा सुरू केला आणि केबल टेस्टरला लावली. त्यावर आठही दिवे क्रमाने लागले. केबल सुमारे २० मीटर असून ती दाराच्या चौकटीजवळून वळते. आणखी एक गोष्ट दिसली, ती महत्त्वाची आहे की नाही हे मला ठरवता येत नाही: जोडणी परत आल्यावर कधी १ गिगाबिट वेग दिसतो, तर कधी १०० मेगाबिट. नेटवर्क कार्ड बदलावे काय?

पहिले उत्तर

कार्ड विकत घेण्याची घाई करू नका. आधी नेमके काय तुटते ते पाहा. एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर परत येते की नाही हे तपासणारा छोटा संदेश) चालू ठेवा. राउटर उत्तर देत राहिला आणि फक्त बाहेरचे पिंग थांबले, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही थांबले आणि पोर्टवरचा दिवाही विझला, तर केबल, प्लग, पोर्ट किंवा कार्ड यांपैकी काहीतरी बिघडले आहे. दिवा चालू असून संगणकाला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळण्यात अडचण आहे, असे समजावे. याशिवाय कार्डाच्या गुणधर्मांमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती काढा. एनर्जी एफिशियंट इथरनेट ही जोडणीवर वीज वाचवणारी सोयही बंद करून पाहा. काही कार्डे आणि राउटर यांचे तिच्यावरून जुळत नाही. वेग १०० मेगाबिट फुल डुप्लेक्सवर (म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक) कायम करून पाहण्यासही हरकत नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तरातील पिंगचा सल्ला अगदी योग्य आहे, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. संगणकावर १०० मेगाबिट फुल डुप्लेक्स हाताने कायम केले आणि राउटर स्वयंचलितच राहिला, तर राउटरला समोरचा वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळत नाही. तो हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने वाहतूक, धरून चालतो. मग पॅकेटे (माहितीचे तुकडे) एकमेकांवर आदळू लागतात आणि जुना दोष शोधताना आपणच नवा निर्माण केलेला असतो. त्यापेक्षा वेग ठरवण्यासाठी दोन्ही उपकरणांत होणारी बोलणी स्वयंचलितच ठेवून जाहीर केल्या जाणाऱ्या वेगांतून तेवढे गिगाबिट वगळावे. लिनक्सवर ईथटूल या नेटवर्क कार्डाची मांडणी पाहण्या-बदलण्याच्या साधनाने हे करता येते.

प्रश्नकर्त्यांनी जाता जाता सांगितलेली वेगाची गोष्टच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १०० मेगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात: १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. गंमत अशी की वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच होते. त्यामुळे ४-५ किंवा ७-८ यांतली एखादी तार तुटकी असली तरी दोन्ही बाजू गिगाबिटवर एकमताने राजी होतात, चार जोड्यांवर जोडणी उभी करू पाहतात, अपयशी ठरतात आणि पुन्हा बोलणीला बसतात. अनेक कार्डे काही प्रयत्नांनंतर आपणहून १०० मेगाबिटवर उतरतात. आपले दहा-पंधरा सेकंद बहुधा या खटाटोपात जातात. टेस्टरवर विसंबू नका. तो केबल स्थिर असताना त्या क्षणी तारा जुळलेल्या आहेत एवढेच सांगतो, आणि आपला दोष तर मधूनमधून येणारा आहे. टेस्टर लावलेला ठेवून दोन्ही टोकांचे प्लग आणि दाराजवळचा भाग हळूहळू हलवा व दिव्यांकडे लक्ष ठेवा.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. जोडणी तुटताना दोन्ही पिंग एकदमच थांबतात आणि पोर्टवरचा दिवा विझतो. वीज वाचवण्याच्या दोन्ही सोयी बंद केल्या, तरी फरक पडला नाही. या संगणकावर लिनक्सही असल्याने गिगाबिट वगळून चार दिवस काम केले. त्या काळात जोडणी एकदाही तुटली नाही. मग टेस्टर लावून राउटरकडचा प्लग हलवला, तर आठवा दिवा जाऊन-येऊन लागू लागला. प्लग प्रकाशात धरून पाहिला असता तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलेलीच नाही, हे स्पष्ट दिसले. क्रिंप करताना, म्हणजे प्लग तारांवर दाबून बसवताना, ती इतरांपेक्षा आखूड राहिली असावी.

दुसरे उत्तर देणारे

मग कार्डाला हात लावू नका. ते टोक कापून नवा प्लग बसवा. दुसऱ्या टोकाला जो रंगक्रम आहे तोच ठेवा आणि जोड्यांचा पीळ प्लगच्या अगदी जवळपर्यंत राहू द्या. क्रम मनाने लावू नका. दोन्ही टोकांना सारख्याच पण चुकीच्या जोड्या पडल्या, तर साधा टेस्टर सर्व ठीक आहे असेच दाखवील, आणि प्रत्यक्षात एका जोडीचा संकेत दुसरीत झिरपून पॅकेटे खराब होतील. शिवाय दाराजवळून वळणारी केबल एकसंध तारांची असेल तर ती पुन्हापुन्हा वाकवणे तिला सोसत नाही. दाराच्या हालचालीने ती वाकत असेल, तर तिचा मार्गच बदला.

प्रश्नकर्ता

प्लग बदलला, गिगाबिट पुन्हा सुरू केले आणि आज सहावा दिवस आहे. जोडणी एकदाही तुटलेली नाही. ईथटूलमधील सीआरसी त्रुटींचा (वाटेत खराब झालेल्या पॅकेटांचा) आकडाही शून्यावरच आहे. केबल मी चौकटीपासून दूर घेतली आहे. वीज वाचवण्याच्या सोयी आता एकेक करून पुन्हा चालू करणार आहे.