मदत हवी आहे: कार्टर फॅमिलीची ७८ ची तबकडी डिजिटल करताना

कार्टर फॅमिली या अमेरिकी कंट्री संगीताच्या गटाची, ऑगस्ट १९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टलला राल्फ पीअरने व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी आहे. सुई ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावली आहे, एलपीची म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची ०.७ मिलची सुई खाचेच्या तळाला घासून नुसती खरखर देते. अडचण इक्वलायझेशनची, म्हणजे मुद्रण करताना खर्ज आणि तीव्र स्वरांत केलेले फेरफार वाजवताना उलटे भरून काढण्याची. आरआयएए प्रीअँप (एलपीसाठीच्या प्रमाणित इक्वलायझेशनचा) १० किलोहर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबल कापतो, पण त्या काळच्या तबकडीत तेवढी वाढ मुळातच नसते. त्यामुळे गटातल्या मेबेल कार्टरने गिटारवर अंगठ्याने वाजवलेली खर्जातली चाल ठळक येते, तर्जनीचे झणत्कार मात्र दबतात. आणि तेच तर त्या गिटारचं वैभव! फ्लॅट (स्वतःचं इक्वलायझेशन नसलेला) प्रीअँप घेतला तर टर्नओव्हर (ज्या कंप्रतेखाली खर्ज कमी करून मुद्रित केलेला असतो ती) २०० हर्ट्झ ठेवावा की ५००? वेग मिनिटाला ७८.२६ फेऱ्या धरावा, की गाण्याच्या पट्टीवरून ठरवावा? अशा जुन्या तबकड्या हाताळलेल्यांनी कृपया सांगावं.