कास्कच्या ड्रॉप सिम्युलेशनमध्ये बोल्ट शाबूत, तरी फाईल परत?

नवखा_विश्लेषक
किरणोत्सारी पदार्थ वाहून नेणाऱ्या टाईप बी कास्कचं (अपघातातही टिकायला हवं असं जाड पोलादी पिंप) सिम्युलेशन करतोय. ९ मीटरवरून, झाकणाची बाजू खाली, न दबणाऱ्या पृष्ठभागावर. भिंतीतला स्ट्रेस मर्यादेच्या निम्माही नाही, एकही बोल्ट तुटत नाही. तरी रिव्ह्यूवाल्या मॅडमनी एवढंच लिहून फाईल परत पाठवली : 'झाकणाचं काय?' आता अजून काय दाखवू? आणि ९ मीटर म्हणजे आपटताना वेग जेमतेम ताशी ४८ किमी. ट्रक तर याहून जोरात पळतो ना?

सीलवाली
मॅडम बरोबर विचारतायत. एवढं जाड पोलाद सहसा फाटत नाही. गळती व्हायची तर झाकण आणि फ्लँज (झाकण जिच्यावर बसतं ती कड) यांच्या मधून होते. बोल्ट तुटायलाच हवा असं नाही. तो जरासा कायमचा ताणला गेला की प्रीलोड (आवळताना बोल्टला दिलेला ताण) गेला, ओ-रिंगवरचा, म्हणजे सीलच्या रबरी कड्यावरचा, दाब उतरला. तेव्हा रंगीत स्ट्रेसचं चित्र बाजूला ठेवा आणि सीलच्या खाचेपाशी झाकण फ्लँजपासून किती उचललं जातं, किती सरकतं, याचा वेळेनुसार आलेख काढा. हा मिलिमीटरच्या अंशांचा मामला आहे, तिथली मेश (मॉडेलची जाळी) जाडीभरडी असेल तर आलेखाला अर्थ नाही. झाकण फ्लँजला 'टाईड' करून, म्हणजे कायमचं चिकटलेलं धरून, टाकलेली मॉडेलं मी पुष्कळ पाहिलीत. ते झाकण जन्मात उघडणार नाही!

दुसरं, आतला माल झाकणाला टेकवून ठेवलाय की मधे फट आहे? प्रत्यक्षात फट असते. कास्क थांबतो, माल अजून खालीच येत असतो, आणि बोल्ट आधीच ताणलेले असताना झाकणावर आतून दणका देतो. फट धरून एकदा चालवून बघा, आकडे बदलतील.

वेगाचं म्हणाल तर, न दबणारा पृष्ठभाग काहीच ऊर्जा घेत नाही, सगळी कास्कलाच पचवावी लागते. रस्त्यावर माती, ट्रक, समोरची भिंत आपापला वाटा उचलतात. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये १४० टनांचं इंजिन लावलेली रेल्वेगाडी ताशी १६० किमीने फ्लास्कवर (कास्कला तिकडे फ्लास्क म्हणतात) घातली होती. इंजिनाचा चेंदामेंदा झाला, फ्लास्कमधला दाब मात्र नगण्यच घटला.

लाकूडतोड्या
इम्पॅक्ट लिमिटर (कास्कला लावलेली, धक्का शोषणारी गादी) लाकडाचा असेल तर तापमान विसरू नका. उणे ४० अंशांना लाकूड कडक, म्हणजे धक्का मोठा. उन्हात तापलेलं असलं की मऊ, मग ते पार चेपून कास्क टेकायची भीती. दोन्ही केस चालवा.

नवखा_विश्लेषक
ताई, मग पाव आकाराचं मॉडेल टाकून गळतीच मोजली तर?

सीलवाली
धक्का मोजायला चालेल. त्याच उंचीवरून टाका. वेग तोच, थांबायचं अंतर पाव, म्हणून मंदन चौपट. ते परत मूळ आकारात आणता येतं. गळती तशी आणता येत नाही, कारण रबराचा उसळून परत येण्याचा गुण आणि खाचेचा खरखरीतपणा काही पाव होत नाहीत. त्यापेक्षा सिम्युलेशनमध्ये आलेली फट पूर्ण आकाराच्या सीलला चाचणीच्या रिगवर द्या आणि हेलियमने गळती तपासा. शिवाय तोच मार खाल्लेला कास्क पुढे ८०० अंशांच्या आगीत ३० मिनिटं जायचाय, तेव्हा चेपलेल्या लिमिटरचा आकार थर्मल मॉडेलमध्ये तसाच न्या. कोरा करकरीत लिमिटर लावून दिलात तर फाईल पुन्हा परत येईल.