प्रतिसाद: ‘पोलिसांनी सांगितलं’ एवढं जोडून भागत नाही

"निवेदन खोटं निघालं तर दोष अधिकाऱ्याचा, छापणाऱ्याचा नाही" हे पोलिसांच्या निवेदनांवरून बातम्या छापण्याबद्दलचं वरचं म्हणणं अर्धंच पटतं. वाचकाच्या डोक्यात बातमी राहते, ती कोणाच्या हवाल्याने आली हे कोण लक्षात ठेवतं?

हिल्सबरोचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. १५ एप्रिल १९८९ला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा पुढे ९७वर गेला. प्रेक्षकांनी फाटक तोडलं, असं पोलीस बंदोबस्ताच्या प्रमुखाने सांगितलं. प्रत्यक्षात ते उघडायचा हुकूम त्याचाच! चार दिवसांनी ‘द सन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापल्याचे आरोप पहिल्या पानावर छापले, मथळा काय तर ‘सत्य’. २०१२मध्ये स्वतंत्र समितीने कागद बाहेर काढले: पोलिसांच्या १६४ जबाबांत फेरफार केलेला, त्यांतल्या ११६मधून पोलिसांवरची टीका गाळलेली किंवा बदललेली. ते कागद तेव्हा मिळणं अशक्य होतं, मान्य. पण फाटक तुटलं होतं की आतून उघडलं, हे विचारायला कुठल्या समितीची गरज नव्हती. त्यातून आत आलेली माणसं तिथेच होती.