सामाईक वॉलेटमधली चिल्लर: एकत्र करावी की पडून राहू द्यावी?

धागाकर्ता:
आम्हा तिघा भावंडांचे बिटकॉइनचे एक सामाईक वॉलेट आहे आणि तिघांपैकी दोघांच्या सह्या झाल्याशिवाय त्यातून काहीही बाहेर जात नाही. वॉलेटमध्ये आलेली प्रत्येक रक्कम वेगळी शिल्लक म्हणून राहते, आणि गेल्या चार वर्षांत अशा चौदा किरकोळ शिलका साठल्या आहेत. सर्वांत मोठी ४,२०० सातोशींची, सर्वांत लहान ६४०ची, आणि बेरीज जेमतेम २६,०००. दहा कोटी सातोशींचा एक बिटकॉइन होतो, हे लक्षात घेता ही रक्कम किती क्षुल्लक आहे ते कळेल. तरीही व्यवहाराचे शुल्क उतरलेले असताना हे किडूकमिडूक एकाच व्यवहारात गोळा करावे, असे माझे ठाम मत आहे. आमच्यासारख्या वॉलेटमधली शिल्लक लहान असो वा मोठी, ती खर्च करताना बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीत सुमारे १०५ बाइट जागा लागते आणि शुल्क त्या जागेवर ठरते. चौदा शिलकांचे मिळून साधारण १,५०० बाइट होतात. बाइटमागे २ सातोशी दर असेल तर तीन हजारांत काम होते. दर २० झाला की ३०,००० लागतात, म्हणजे मूळ रकमेहून जास्त. एप्रिल २०२४ मध्ये खाणकामाचे, म्हणजे खातेवहीत व्यवहार नोंदवण्याच्या कामाचे, बक्षीस निम्मे झाले, त्या दिवशी हा दर शेकड्यांत गेला होता.

प्रतिसाद १:
आपला हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. चौदा शिलका एकत्र खर्च केल्या की त्यांचे सगळे पत्ते एकाच मालकाचे असल्याचा ठळक संकेत सार्वजनिक खातेवहीत कायमचा उरतो. शिवाय ती ६४० सातोशींची शिल्लक कोणी पाठवली? माग काढण्यासाठी अनोळखी लोक मुद्दाम अशी चिमूटभर रक्कम असंख्य पत्त्यांवर टाकतात आणि आपण ती इतर पैशांबरोबर खर्च करण्याची वाट पाहतात. स्पॅरो, इलेक्ट्रम यांसारख्या वॉलेटमध्ये शिल्लक गोठवून ठेवता येते. तेवढे करून थांबावे. अन्यथा चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होईल.

धागाकर्ता:
जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. ६४०ची रक्कम आमच्यापैकी कोणीच पाठवलेली नाही, त्यामुळे ती आज गोठवली. उरलेल्या तेरांपैकी अकरा मात्र आमच्याच देण्यांतून परत आलेली मोड आहे, आणि ते पत्ते त्या व्यवहारांशी आधीच जोडले गेलेले आहेत.

प्रतिसाद २:
आधीच्या व्यवहाराशी जोडले जाणे वेगळे आणि अकराही व्यवहार एकमेकांशी जोडले जाणे वेगळे, हे कृपया ध्यानात घ्यावे. मला मात्र वेगळीच काळजी वाटते. उरलेल्या दोन शिलका कोणाच्या? दोन सह्या पुरेशा असल्यामुळे तिसऱ्या भावंडाला न विचारता त्याचा वाटा हलू शकतो, आणि रक्कम लहान आहे म्हणून न विचारणे मला गैर वाटते.

धागाकर्ता:
त्या दोन्ही धाकट्या बहिणीच्या आहेत. आपले म्हणणे मान्य आहे. तेरा ओळींची यादी आज तिला पाठवली आहे. तिचा होकार आल्यावरच आम्ही दोघे भाऊ सहीच्या यंत्राच्या इवल्या पडद्यावरचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून सह्या करू, आणि त्याही दर २च्या खाली असेल तेव्हाच.