बाबांचा परवाना मध्य प्रदेशचा, मी वरुडचा: ट्रेनिंग कुठचं चालते?

संत्रावाला_वरुड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा गुंत्याचा आहे.

आमची जुनी शेती पांढुर्ण्याकडे, बाबा अजून तिकडेच राहते. त्याईच्याजवळ बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. परवाना 1998 चा, छिंदवाड्याचा. त्या टायमाले आंबिया बहराच्या संत्र्याचा बगीचा विकला का व्यापारी खाटेवर रोख मोजून जाय, अन् बाबा ती रात्र जागून काढत. आता पैसा बँकेत येते, बाबा 73 चे झाले, हात थरथरते. मले म्हणते, "तुह्या नावावर करून घे, नाहीतर ठाण्यात देऊन टाक."

माझं आधार, मतदान, सारं वरुडचं. परवान्यासाठी हत्यार सुरक्षेच्या ट्रेनिंगचं प्रमाणपत्र लागते म्हणे. बाबाच्या ओळखीतला एक जण छिंदवाड्याले कोर्स करून आला, तो मले घेऊन जायाले तयार आहे. पण आमचा चुलतभाऊ अमेरिकेत असते, तिकडचाच नागरिक झाला. तो फोनवर म्हणे, "दुसऱ्या राज्यातलं ट्रेनिंग चालतच नाही, मी यूटाहचं परमिट काढलं तं त्याईनं मान्य केलेल्या मास्तरकडूनच कोर्स करावा लागला." तं मी मध्य प्रदेशात शिकलो अन् अर्ज महाराष्ट्रात केला तं जमते का? दोन दिवसाची मजुरी अन् पेट्रोल वाया नाही घालवाचं मले.

कोरडवाहू

भाऊ, लवकर काढ. रानडुकरायनं यंदा तुरीचं पार वाटोळं केलं. एखादं तरी टिपता येईन.

रिटायर_हवालदार_मोर्शी

आधी वरच्या भाऊले सांगतो. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात येते, त्याले मारायची परवानगी वनखात्याची, अन् ती वेगळी असते. आणि बत्तीसच्या गोळीनं जखमी झालेलं डुक्कर तुरीतून उलटं अंगावर आलं तर झाडावर चढायलाही सवड मिळत नाही. त्यापेक्षा नुकसानभरपाईचा अर्ज कर.

आता संत्रावाला. तुझ्या चुलतभावाचं खोटं नाही, पण ते तिकडचं आहे. अमेरिकेत परमिटचा कायदा ज्या त्या राज्याचा. यूटाह बाहेरच्या राज्यातल्या माणसालाही परमिट देते, पण शिकवणारा त्यांचा पाहिजे. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम, दोन्ही केंद्राचे. ट्रेनिंगची अट त्याच नियमांत आहे आणि प्रमाणपत्राचा नमुनाही एकच, एस-1. छिंदवाड्याला वेगळा आणि अमरावतीला वेगळा असं काही नाही.

तरी उद्याच गाडी काढू नको. नियमाला मान्यताप्राप्त प्रशिक्षक पाहिजे, आणि तुझी फाईल शेवटी कारकुनाच्या टेबलावर जाते. तू ग्रामीणचा, म्हणजे तुझा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. अमरावती शहराचं पोलीस आयुक्तालय तुझ्या कामाचं नाही. कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत जा आणि विचार, "कोणाचं प्रमाणपत्र घेता?" पोलीस मुख्यालयाचं सांगतील, नाहीतर एखाद्या रायफल क्लबचं. ते ऐकून मगच कोर्स कर. माझ्या साडभावानं उलटं केलं. आधी पैसे भरले, मग समजलं की शिकवणाऱ्याजवळ मान्यताच नव्हती.

आता कोर्सचं. लोक त्याला कागद समजतात. हाताळणं, नेम, साफसफाई, ठेवणं, ने-आण हे सगळं त्यात येते, आणि पोरं फक्त नेमाच्या तासाला जागी असतात. मी 22 वर्षं फौजेत काढली. "जांच शस्त्र" म्हटलं की हत्यार उघडून दाखवायचं, मग ते पाच मिनिटांपूर्वीच रिकामं केलेलं का असेना. बाबांचं कानपुरी रिव्हॉल्व्हर मधून मोडते, म्हणजे बिजागरीवर उघडते. मोडल्यावर गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांनी पाहायची आणि अंधार असेल तर बोट घालून चाचपायची. रोज तेच हत्यार हातात असणारा माणूसच एक दिवस म्हणतो, "रिकामंच आहे ना."

गोळी फुटली नाही तर लगेच उघडून पाहू नको. नळी मोकळ्या दिशेला धरून मनात तीस आकडे मोज. दारू उशिरा पेट घेऊ शकते.

आणि चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नको. सगळे तेच करतात. पावसाळ्यात चामडं ओल धरते आणि महिनाभरात नळीवर तांबूस डाग. पातळ तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती कपड्यात गुंडाळ आणि कुलपात ठेव. गोळ्या दुसऱ्या कुलपात. टिनाच्या खोलीत तर मुळीच नको, मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली भाकर भाजते.

अमरावती_वकील

हवालदार साहेबांशी सहमत, फक्त कागदाचं जोडतो. धारक 70 वर्षांचा झाला किंवा शस्त्र 25 वर्षं त्याच्याजवळ राहिलं, दोहोंतलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच वारसाला शस्त्र देऊ शकतो. तुमच्या वडिलांचं दोन्हीत बसते. पण परवाना तुम्हाला स्वतःचा, नवा काढावा लागतो. बाकी वारसांची ना-हरकत घ्या, बहिणींची विशेषतः. सह्या जमवण्यातच निम्मा वेळ जातो.

वडिलांच्या परवान्यावर यूआयएन नंबर, म्हणजे परवानाधारकाचा देशभरच्या नोंदीतला ओळख क्रमांक, आहे का, ते आधी पाहा. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, त्यामुळे जुनी फाईल छिंदवाड्यात आहे की पांढुर्ण्यात, हे तिकडे विचारावं लागेल.

महत्त्वाचं: तुमचा परवाना हातात येईपर्यंत ते रिव्हॉल्व्हर तुम्ही इकडे आणायचं नाही. डिक्कीतही नाही, "बाबांचंच आहे" म्हणूनही नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्राची शिक्षा वाढलेली आहे. नवा परवाना मिळाला की त्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो तेही वाचा. राज्यापुरता असेल तर पांढुर्ण्याला लग्नाला जाताना कमरेला लावता येणार नाही.

संत्रावाला_वरुड

तीन आठवड्यानं लिहून रायलो. गृह शाखेत गेलो, त्याईनं कोणाचं प्रमाणपत्र चालते ते एका कागदावर लिहून देलं. छिंदवाड्याची वारी वाचली. यूआयएन आहे. निवडणुकीत हत्यार जमा करायचं होतं तेव्हा ठाण्यातल्या एका मुन्शीनं बाबाले तो नंबर घ्यायले लावला होता. (तेच हत्यार परत आलं ते गंजून, पण ते जाऊ द्या.)

पोरीले घेऊन बाबाकडे जाऊन आलो. हवालदार काका, म्यानातच होतं. डागही तुम्ही सांगतले तसेच. अन् गोळ्या मायच्या लुगड्याच्या पेटीत, कुलूप नाही काही नाही! बाबाले नवं कुलूप लावायले लावलं. मोजल्या तं परवान्याच्या पुस्तकात 20, पेटीत 19. म्हटलं एक कुठं गेली? बाबा खाली मान घालून म्हणे, "तुह्या ताईच्या लग्नात."

अमरावती_वकील

हे इथे कशाला लिहिलंत? आता लग्नात गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. वडिलांना घेऊन मला भेटा, हिशेबाचं काय करायचं ते बोलू.

रिटायर_हवालदार_मोर्शी

वरातीत मांडव होता का पत्रे होते, बाप्पा?

संत्रावाला_वरुड

पत्रे होते. छेद अजून आहे, पावसाळ्यात तिथूनच गळते.