ताम्हणाच्या पानांचा काढा पिऊन साखर उतरली, गोळ्या बंद कराव्यात का?

परसदार
बाबा ७१ वर्षांचे. मधुमेहाच्या दोन गोळ्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, चालू आहेत. गणपतीपासून परसातल्या ताम्हणाची पानं उकळून पितात. उपाशीपोटीची साखर १५०च्या घरात असायची, आता ११०ला आलीय. म्हणतात, ‘केमिकल’ गोळ्या बंदच करतो. परवा अंगण झाडताना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. आई म्हणाली, ऊन लागलं. पानांत खरंच काही असतं का?

मुळाक्षरे
फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवते, म्हणून लिहितेय.

आधी घामाचं. मला ते ऊन वाटत नाही, साखर उतरली असणार. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, त्यात काढ्याची भर. पुन्हा झालं तर लगेच ग्लुकोमीटर लावा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

आता पानं. हो, असतं. आपलं राज्यफूल ज्याला येतं तेच हे झाड फिलिपाइन्समध्ये ‘बनाबा’. तिथे मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा पितात. पानातलं कोरोसोलिक आम्ल पेशींना रक्तातली साखर आत घ्यायला मदत करतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते १ टक्का असलेला अर्क दिला होता. तेलातल्या मऊ कॅप्सूलने दोन आठवड्यांत साखर सुमारे ३० टक्के उतरली, कोरड्या भुकटीने त्याहून कमी. पण रुग्ण होते फक्त दहा!

आणि हे आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही. काढ्याला जो तुरटपणा येतो तो टॅनिनांचा. त्यांचाही साखरेवर परिणाम प्रयोगशाळेत दिसलाय, पण बाबांच्या पेल्यात काय नि किती उतरतं, ते रोज वेगळं. अशा मापावर गोळी बंद करायची नसते.

रानवाटा
झाड ताम्हणच ना? कोकणात नाणाही भरपूर. साल पांढरट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी आणि फुलं बारीक पांढरी असतील तर तो नाणा. ताम्हणाची फुलं मोठी, जांभळी.

परसदार
जांभळीच, वैशाखात झाड भरून येतं. पण ‘केमिकल नको’ला काय उत्तर देऊ?

मुळाक्षरे
त्यांना सांगा, मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं झुडूप आहे, त्यातलं गॅलेगिन साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच घराण्यातला सुरक्षित रेणू म्हणजे मेटफॉर्मिन. १९५७ साली फ्रान्सच्या जाँ स्टेर्न यांनी मधुमेहींवरचा त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. बाबांची गोळी त्याच वाटेने आलीय.

काढा आजच थांबवा, गोळ्या तशाच ठेवा. डॉक्टरांकडे जाताना साखरेच्या नोंदींची वही न्या, घाम सुटल्याचं आणि काढ्याचं स्वतःहून सांगा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) या रक्ततपासण्या करून घ्या. ग्लिमेपिराइड कमी करायची का, ते त्यावर डॉक्टर ठरवतील.