मदत हवी आहे: महाराजांच्या सांगण्यावरून काकांनी टीबीच्या गोळ्या बंद केल्या

नमस्कार मंडळी,

विषय नाजूक आहे, म्हणून गावाचं आणि महाराजांचं नाव लिहीत नाही. कुणी ओळखलंच तर कृपा करून प्रतिसादात नाव टाकू नका.

आमचं मूळ घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. मोठे काका खाणीवर ट्रक चालवायचे. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हापासून घरचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) बघतात. मधुमेह जुनाच. चवथीनंतर खोकला धरला तो सुटेना, संध्याकाळ झाली की अंगात कणकण, पँट कमरेला राहीना. थुंकी तपासली तर टीबी निघाला. आरोग्य केंद्रातून गोळ्या फुकट सुरू झाल्या. सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. थोड्याच दिवसांत खोकला बसला, जेवण वाढलं, परत कुळागरात जायला लागले. आणि इथेच घोडं पेंड खातं. बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?

त्याच सुमारास काकीच्या माहेरचं कुणीतरी त्यांना हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गच्या बाजूला एका महाराजांकडे घेऊन गेलं. गुरुवारी दरबार भरतो. नारळ ठेवायचा, अंगाऱ्याची पुडी आणि तीर्थाची बाटली घेऊन यायचं. महाराजांनी काकांना पहिलाच प्रश्न विचारला, "लघवी लाल होते ना?" काका गार! रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध घेणाऱ्या प्रत्येकाची लघवी नारिंगी-तांबूस होते, केंद्रातल्या सिस्टरनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. महाराजांनी मात्र सांगितलं, "ही तुमच्या रक्ताची राख बाहेर पडतेय. गोळी आणि तीर्थ एका पोटात नांदत नाही." गोळ्या थांबवल्या, एकदोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. याहून मोठा पुरावा काकांना कुठे मिळणार? मी म्हणतो, माणूस हुशार आहे. त्याच्याकडे येणाऱ्यांत गोळ्या घेणारे किती असतील आणि त्यांना काय काय होत असेल, याचा त्याचा अभ्यास पक्का आहे.

वर पथ्य. नुस्तें (मासे) बंद, अंडं बंद. टीबीच्या माणसाला प्रथिनं हवीत म्हणून सरकार निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये देतं, ते आमच्याकडे नारळ-दक्षिणेला जातात.

आता महिना उलटून गेला. खोकला परत आलाय. काका म्हणतात, "रोग भायर सरता" (रोग बाहेर पडतोय). काकीचं उत्तर ठरलेलं, "गोळयो घेत रावल्यार देव कसो पावतलो?" माझा चुलतभाऊ जहाजावर, वहिनी बोलू शकत नाही, आणि चार वर्षांचा नातू आजोबांच्याच खोलीत झोपतो. माझी खरी झोप उडालीय ती त्या पोरामुळे.

मी स्वतः देव मानतो. जत्रेला जातो, घरात दृष्ट काढतात तेव्हा गप्प बसतो. त्यामुळे "अंधश्रद्धा सोडा" हे भाषण मला द्यायचं नाही, आणि दिलं तर काका मला दारात उभं करणार नाहीत. त्यांची श्रद्धा तशीच ठेवून गोळ्या परत सुरू कशा करायच्या? कुणाच्या घरी असं झालंय का?

(गोळ्या पूड करून जेवणात घालायचा सल्ला आधीच मिळालाय. तो नको. पकडलो गेलो तर सगळंच संपलं, आणि माणसाला न सांगता औषध घालणं मला पटत नाही.)

प्रतिसाद, सत्तरीकर:
सरळ पोलिसात द्या की! महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. महाराज त्याच हद्दीत बसतोय ना?

प्रतिसाद, काळा कोट:
इतकं सरळ नाही. त्या कायद्याच्या अनुसूचीत उपचारापासून रोखण्याचं कलम आहे, पण ते साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करण्याबद्दल. टीबी त्यात नाही. चमत्काराचा दावा करून पैसे उकळण्याचं कलम लागू शकतं, पण त्याला तक्रारदार आणि साक्षीदार लागतील. तुमचे काका देतील साक्ष? दुसरा कायदा 1954 चा, औषधे आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा. तो केंद्राचा, म्हणून गोव्यातही लागू, आणि त्यातल्या रोगांच्या यादीत क्षयरोग आहे. दरबाराचे फलक, व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या जाहिराती, असं काही असेल तर जपून ठेवा. मात्र यातलं काहीही काकांच्या पोटात गोळी घालणार नाही. आधी ते बघा.

प्रतिसाद, म्हापशाची नर्स:
महाराजांना बाजूला ठेवा, नातवाला पुढे करा. टीबीच्या पेशंटच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी करायचीच असते, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध देतात. पोराला आजच घेऊन जा, आणि त्याची झोपायची खोली बदला. काकांना "तुमच्यासाठी चला" म्हणू नका. "बाबूच्या औषधासाठी तुमची थुंकी परत बघायला मागतात" म्हणा. खोटं नाही ते. महिन्याहून जास्त खंड पडला की जुनं पाकीट उघडून पुढे चालू करायचं नसतं. परत थुंकी, आणि रिफाम्पिसिन अजून चालतंय का ते सीबीनॅट या थुंकीच्या मशीन-तपासणीत बघून डॉक्टर ठरवतात. तोपर्यंत घरात उरलेल्या गोळ्या देऊ नका. साखरही तपासून घ्या, ती वाढलेली असली तर टीबी लवकर हटत नाही. केंद्रात फोन लागत नसेल तर निक्षयची हेल्पलाइन 1800-11-6666.

प्रतिसाद, कुळागरवाला:
आमच्या आतेचं फिट्सच्या गोळ्यांवरून असंच झालेलं. डॉक्टर हरले, आम्ही हरलो. शेवटी तिला ग्रामदेवीच्या देवळात नेलं. भटजींना आधी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी औषधाचं पाकीट देवीसमोर ठेवायला लावलं, गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाले, हा प्रसाद, रोज घ्यायचा, चुकवायचा नाही. अजून चुकवत नाही. महाराज लांबचा, देवी घरची, एवढा एक हिशेब आपल्या बाजूने आहे. फक्त देवीला कौल लावून विचारायला सांगू नका हां. पाकळी उजवीकडे पडेल की डावीकडे, ते आपल्या हातात नसतं!

मूळ लेखक:
सगळ्यांचे आभार. काल वहिनी नातवाला केंद्रात घेऊन गेली. एक्स-रे झाला, रिपोर्ट यायचाय. थुंकीच्या डबीचं काकांना म्हापशाच्या नर्सबाई म्हणतात तसंच सांगितलं. चिडले, "माका कितें जालां?" म्हणाले, पण सकाळी डबी भरून पायरीवर ठेवलेली होती. काकी अजून बोलत नाही.

कुळागरवाला, तुमच्या भटजींनी गाऱ्हाण्यात नेमकं काय म्हटलं ते आठवत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमचे पुरोहित तयार आहेत. गोळ्यांचं नाव देवीसमोर कसं घ्यायचं एवढंच ते विचारतायत.